तीन आवाजांची तबकडी

मी डीव्हीडी बोलतेय, आणि मला तीन आवाजांत बोलता येतं. पुष्कळांना एका आवाजात धड बोलता येत नाही, म्हणून हे आधीच सांगून ठेवलं.

उरणकडच्या एका हौशी मिठागरवाल्याने सिनेमा काढला, त्यातून माझा जन्म. नट सगळे गावचेच. नवरीच्या बापाचं काम महादेवने केलं होतं. हळदीच्या मांडवात तो व्याह्याशी इतका मन लावून भांडला, की शूटिंग संपलं तरी दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

पुढे निर्मात्याला शंका आली, की पुण्याच्या लोकांना ही भाषा कळेल का. पुण्याहून कुणीही सिनेमा मागितला नव्हता. तरी शहरातून कलाकार बोलावून सगळ्या गावाला शुद्ध मराठी चढवली. तो माझा पहिला आवाज. गावाचा मूळ आवाज दुसरा झाला. तिसऱ्यात महादेव आणि मंडळी आपलाच सिनेमा बघत, वडे खात गप्पा मारतात. परदेशी डिस्कवर असं असतं म्हणे. हा तिसरा आवाज कुणी कधी लावला नाही.

महादेवने मला रोडपालीच्या घरी आणलं. त्याची बायको रंभा मला प्लेअरमध्ये घालायची, रिमोटवरचं ऑडिओचं बटण एकदा दाबायची आणि नवऱ्याला त्याच्या खऱ्या आवाजात भांडताना बघायची. घरात तो भांडत नसे, बोलतही फारसा नसे.

गेल्या वर्षी महादेव गेला. मागोमाग प्लेअर गेला.

मुलगा प्रणित द्रोणागिरीला गोदामात आहे. कुठलीही वस्तू कमीत कमी जागेत बसवायची, हे त्याचं काम आणि स्वभावही. तो म्हणाला, "आई, वर्षश्राद्धाला सगळ्यांना बाबा दाखवू. पेनड्राइव्हवर घेतो."

कॉम्प्युटरने विचारलं, कुठले आवाज ठेवायचे? तीन चौकोन होते, पहिल्यात आपोआप खूण होती. पडद्यावर काही विचारलं की माणसं जे करतात तेच प्रणितने केलं. न वाचता पुढे गेला. फाइल अगदी सडपातळ झाली, याचा त्याला आनंद झाला.

माझं काम संपलं. सून दिपिकाने माझ्या भोकातून दोरा ओवला आणि कबुतरं हाकायला मला बाल्कनीत टांगलं. कबुतरं एक दिवस दचकली. नंतर माझ्यात बघून मान फुलवू लागली.

वर्षश्राद्धाच्या दिवशी जेवणं झाली, टीव्ही लागला. मी दारातून बघत होते. मांडव आला, महादेव पुढे झाला, त्याने तोंड उघडलं.

"व्याहीबुवा, नात्याचा मान राखून मी गप्प बसतो आहे."

मग महादेवचा चुलतभाऊ सुदाम म्हणाला, "वैनी, दादा मेल्याव शिकला गो."

सगळे हसले. रंभा हसली नाही.

"यो कोन बोलतंय?"

"आई, बाबाच आहेत."

"तोंड त्यांचा हाय. आवाज नाय."

तिने ऑडिओचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. फाइलमध्ये दुसरा आवाजच नव्हता.

"फोटू ढीगभर हान," ती म्हणाली. "आवाज येवढाच व्हता रे."

प्रणितने विचारलं, "डिस्क कुठाय?" दिपिकाने बाल्कनीकडे पाहिलं.

कबुतरांनी माझ्यावर आपला अभिप्राय नोंदवलेला होता. दिपिका मला भांड्यांच्या साबणाने ताटासारखी गोल गोल घासू लागली.

"गोल नको, मधून बाहेर पूस," प्रणित म्हणाला.

"तुम्ही चौकोन नीट भरा. धुण्याचं मी बघते," ती म्हणाली, पण पुसलं मधून बाहेरच.

प्रणितने या वेळी तिन्ही चौकोनांत खूण केली. कॉम्प्युटर मला घेऊन कण्हू लागला आणि नेमका हळदीपाशी अडकला. पाहुणे उठेनात. सुदामने पुन्हा ताट वाढून घेतलं. मी आत होते त्या फटीवर रंभा नजर ठेवून बसली होती. मला मध्यभागी हृदय नाही, भोक आहे. तरी तिथे काहीतरी झालं.

मला परत धुतलं, परत घातलं. हळद सरकली.

"याही हायेस म्हनून सोरला," महादेव टीव्हीतून गरजला, "नायतर खारीन बुरवला असता."

खाडीत बुडवण्याचं शुद्ध मराठीत मान राखणं कसं झालं, ते त्या शहरी कलाकारालाच ठाऊक. रंभाने पदराने डोळे पुसले आणि वर हसली.

खात्री करायला प्रणितने बटण आणखी एकदा दाबलं. कुणीतरी वडा चावत होतं. मग महादेवच, पण हळू, घरातल्यासारखा:

"हा सीन करताना मना हसू आवरत नवता. समोर गर्दीन आमची रंभा उभी व्हती, डोले मोठे करून. म्हटला, आज घरा जेवान नाय."

रंभा टीव्हीकडे बघून शांतपणे म्हणाली, "दिला व्हता जेवान. वर म्हावरा पन दिला व्हता."

आता मी तिच्या कपाटात, लुगड्यांच्या घडीत असते. फाइलमध्ये तिन्ही आवाज आहेत, पण तिचा फाइलवर विश्वास नाही. बाल्कनीत सध्या प्रणितच्या कॉम्प्युटर क्लासची सीडी लटकते. कबुतरांना तीही आवडते.

तुमच्याकडे माझी एखादी बहीण अशी लटकत असेल, तर तिला उतरवा, धुवा, आणि पुढे जाण्याआधी सगळ्या चौकोनांत खूण करा. पहिला आवाज घरच्याच माणसाचा असेल असं धरून चालू नका.