तीन बदकांच्या दारापाशी

मित्रांनो, मी एक जुना, दोन डोळ्यांचा कॅमेरा आहे. मला कुणी डोळ्याला लावत नाही. पोटाशी धरतात, डोक्यावरचं झाकण उघडतात आणि मान खाली घालून आतल्या काचेत बघतात. समोरचं सगळं तिथे दिसतं, फक्त डाव्याचं उजवं होतं. ही माझी जन्मखोड.

माझा मालक व्रातिस्लाव. दर रविवारी आम्ही प्रागच्या जुन्या चढणींवर पायी भटकायचो. तिथली घरं पूर्वी नंबरांनी नव्हे, दारावरच्या चित्रांनी ओळखत. कुठे मासा, कुठे किल्ली. आम्ही ती सारी टिपली. त्याचं लाडकं घर मात्र तीन बदकांचं, कारण द्राहोमीरा तिथे राहायची. बदकांच्या निमित्ताने त्याने तिच्या खिडकीवर कितीतरी फिल्म उधळली. लग्नानंतरही ती चिडवायची, "काय रे, आजपण पोटच न्याहाळणार?"

पुढे मुलीने त्याला मोबाइल दिला आणि मी कपाटात गेलो. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? मग व्रातिस्लावची मान आखडली ती कायमची खाली झुकली. रस्त्यावर त्याला फरसबंदी तेवढी दिसे. त्यातच तीन बदकांच्या घराची डागडुजी निघाली आणि बदकं पुसली जातात की काय, याचा त्याला घोर लागला.

"तिन्ही आहेत जागेवर. रंगही छान दिलाय," द्राहोमीरा बघून येऊन म्हणाली.

"मला बरं वाटावं म्हणून सांगतेस."

"मग चल, स्वतः बघ!"

"कशानं बघू? उन्हात त्या मोबाइलमध्ये माझंच नाक दिसतं."

त्याने बाहेर पडणंच सोडलं. शेवटी तिने कपाट उघडून मला काढलं आणि त्याच्या मांडीवर आदळलं. "मान खालीच आहे ना तुझी? याला तेच तर लागतं!"

दारापाशी त्याने मला पोटाशी धरून वर कलवलं.

"आहेत गं तिन्ही! पण तोंडं का फिरवलीत?"

"म्हाताऱ्या, तुझ्या डब्याची खोड विसरलास?"

तो खदखदून हसला. मग त्याने तिला पायरीवर उभं केलं आणि मला तिच्याकडे वळवलं. मान झुकल्यापासून सोबत चालताना त्याला तिचे बूटच दिसत. आता काचेत तिचा चेहरा होता. तो बराच वेळ बघत राहिला. माझ्यात फिल्म नव्हती, त्यालाही ते ठाऊक होतं. तरी त्याने कळ दाबली.

म्हणून सांगतो मित्रांनो, जुनी वस्तू कपाटात टाकलीत तरी तिची काच अधूनमधून पुसत जा. कुणाला तिच्यातून आपल्या माणसाचा चेहरा बघायचा असेल.