जिन्यात अडकलेलं कपाट

दुसऱ्यांची बोळकी भरून देण्यात ज्याची सारी हयात गेली, त्याच्याच घरात बायको चहात पाव बुडवून चोखायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. गल्लीत त्याला सगळे कवळीवाला म्हणायचे आणि त्यालाही ते नाव शोभायचं. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे एक चिंचोळी खोली होती. डॉक्टर पुढे माप घ्यायचे आणि हा मागे बसून प्लास्टरचे साचे ओतायचा, मेण वितळवायचा, एकेक दात चिमट्यात धरून बसवायचा. संध्याकाळी घरी निघताना त्याच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या असायच्या.

या धंद्यातली अवघड गोष्ट दाढा नव्हेत. दाढा कुणी बघत नाही. अवघड असतात ते पुढचे दात. ते किती लांब ठेवायचे, ओठाखालून किती दिसू द्यायचे, हे साच्यावरून कळत नाही. म्हणून आधी दात मेणात बसवतात, ती कच्ची कवळी गिऱ्हाइकाच्या तोंडात घालतात आणि त्याला हसायला सांगतात. आता, हसा म्हटलं की माणूस हसत नाही, नुसते दात दाखवतो. त्यावर कवळीवाल्याने स्वतःपुरती एक युक्ती काढली होती. तो खुर्चीजवळ उभा राहून हळूच म्हणायचा, आयुष्यातला एखादा आनंदाचा क्षण आठवा बरं.

लोकांना काय काय आठवायचं. लग्न कुणाला आठवलं नाही, बढती तर नाहीच नाही. एका निवृत्त मुख्याध्यापकांना शाळेच्या किल्ल्या हरवल्या तो दिवस आठवला. सगळी शाळा फाटकाबाहेर उन्हात उभी आणि कुणालाच काही करता येत नव्हतं. एका आजींना एक दुपार आठवली. घरातले सगळे कुठे कुठे गेले होते आणि त्या गार फरशीवर एकट्याच आडव्या पडल्या होत्या. बस, एवढंच. पण ते आठवताना चेहऱ्यावर जे काही उमटायचं, ते डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच निघून जायचं. तेवढ्यात कवळीवाला मेणावर खूण करून मोकळा व्हायचा.

त्याची एकुलती एक मुलगी म्हणजे भिंगरी. जन्मात कधी एका जागी बसली नाही म्हणून हे नाव. शिकली, नोकरीला लागली, आणि एके दिवशी तापाचं निमित्त होऊन आठवड्याच्या आत गेली. त्यावर काय बोलायचं? लोक चार दिवस बोलले आणि आपापल्या कामाला लागले. घरात मात्र आधी बायकोची भूक गेली, मग दात हलायला लागले. एकेक करून ते काढावे लागले, आणि तिने कशालाच नाही म्हटलं नाही. सगळे गेल्यावर तिचं तोंड आत ओढलं गेलं आणि ती एकदम आपल्या आईएवढी म्हातारी दिसायला लागली. अंगठी बोटातून गळून पडायची. औषध देणाऱ्या डॉक्टरांनी कवळीवाल्याला बाजूला घेऊन स्पष्टच सांगितलं, की चावून दोन घास पोटात गेले नाहीत तर या बाईचं काही खरं नाही. एक गेली होती. आता दुसरीला धरून ठेवायचं होतं, आणि त्यासाठी लागणारी वस्तू जगात नेमकी त्यालाच बनवता येत होती.

माप द्यायला ती तयार झाली ती त्याच्या समाधानासाठी. मेणातली कच्ची कवळी त्याने घरी आणली, तिला खिडकीजवळ बसवलं, कवळी तोंडात घातली. मग नेहमीसारखं म्हणाला, अगं, काहीतरी चांगलं आठव.

तिने प्रामाणिकपणे प्रयत्न केला. मग मान हलवली. मग यानेच आठवण करून द्यायला सुरुवात केली. समुद्रावर गेलो होतो ते? तिथे भिंगरीची चप्पल वाहून गेली होती. तुझ्या बहिणीकडे राहायला गेलो होतो ते? तिथे भिंगरी पेरूच्या झाडावर चढून बसली होती आणि उतरेना. कुठलाही धागा ओढला की त्याच्या टोकाला भिंगरी बांधलेलीच. बायकोच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि तोंड मात्र तिने डॉक्टरांपुढे उघडावं तसं आ करून धरलं होतं, कामात खोळंबा नको म्हणून. कवळीवाल्याने घाईघाईने मेण काढून घेतलं आणि म्हणाला, झालं, झालं माझं काम.

काम कसलं झालं होतं? खूण करण्याजोगं काही दिसलंच नव्हतं. पण त्याच्याजवळ एक शिल्लक होती. ती त्याने कुणाला कधी सांगितली नव्हती.

बायको आयुष्यभर तोंडावर हात ठेवून हसली, आणि त्याला कारणीभूतही हाच होता. नवी नवरी घरात आली तेव्हा धंदा त्याच्या अंगात नवीन भिनलेला. समोर बसला की तिच्या तोंडाकडे टक लावायचा. एकदा ती चिडून म्हणाली, "माझ्याकडे बघताय की माझ्या दातांकडे?" तेव्हापासून हसू आलं की तिचा हात वर जायचा. यानेही कानाला खडा लावला, की दात दवाखान्यात ठेवून यायचे, घरात कुणाच्या तोंडात बघायचं नाही. तो नियम त्याने इतका पाळला की पुढे पोटच्या पोरीच्या दातांकडेही कधी नीट पाहिलं नाही.

पण एकदा त्याला ते हसू दिसलं होतं. या घरात राहायला आले तेव्हा एक जुनं आरशाचं कपाट घेतलं होतं. हमालांशी काहीतरी बिनसलं आणि ते कपाट फाटकातच टाकून गेले. मग नवरा, बायको आणि हाताशी आलेली भिंगरी, अशा तिघांनी मिळून ते वर न्यायचं ठरवलं. दुसऱ्या वळणावर ते असं अडकलं की वर जाईना, खाली येईना. सोडावं तर अंगावर येणार. तिघंही हात लावून खांबासारखे उभे. आणि मग ती हसायला लागली. दोन्ही हात कपाटाला टेकलेले, तोंड झाकायला हातच नाही. मान मागे टाकलेली, कपाळावर घाम, डोळे मिटलेले, आणि वरच्या ओळीतला डावीकडचा एक दात शेजारच्यावर किंचित चढलेला. तेवढा एक क्षण. लगेच वरच्या मजल्यावरचा शेजारी आला, त्याने हात दिला, कपाट सुटलं. पण कवळीवाल्याने तो चेहरा जपून ठेवला. भिंगरी गेल्यानंतर रात्र सरेनाशी झाली की तो हाच क्षण काढून बघायचा, आणि झोपायचा.

त्याच आठवणीवरून त्याने दात बसवले. डावीकडचा तो दात शेजारच्यावर किंचित चढवला. अशी कवळी त्याने उभ्या जन्मात केली नव्हती. डॉक्टरांनीसुद्धा उलटसुलट करून पाहिली आणि एकही खोट न काढता परत दिली. म्हणजे त्यांना आवडली होती.

घरी येऊन त्याने ती स्वच्छ धुतली, बायकोच्या हातात दिली आणि तिला त्याच कपाटाच्या आरशासमोर उभं केलं. तिने कवळी बसवली. गाल भरले, ओठ वर आले. तिने आरशात बघितलं. तिचा हात सवयीने तोंडाकडे निघाला आणि अर्ध्यावरच थांबला.

"हे कुणाचे दात आहेत?" तिने विचारलं.

"तुझेच. जिन्यात कपाट अडकलं होतं ना, तू हसत होतीस. मी बघितलं होतं."

तिने आरशात बघत डावीकडच्या त्या चढलेल्या दातावरून बोट फिरवलं.

"मी वर होते," ती म्हणाली. "कपाट मध्ये होतं. तुम्हाला मी दिसणार कशी? खाली तुमच्या शेजारी भिंगरी होती."

"पण हसणं तुझं होतं. मला ऐकू आलं होतं."

"हसणं माझंच होतं. कुणी बघत नव्हतं, म्हणून तर हसले."

कवळीवाला पलंगावर बसला. जिना त्याच्या डोळ्यांपुढे आला, आणि या खेपेला सगळं जागच्या जागी होतं. वर कपाटाच्या पलीकडून येणारा आवाज. इकडे शेजारी आईच्याच तोंडवळ्याची पोर. आवाज एकीचा, चेहरा दुसरीचा. इतकी वर्षं त्याने उराशी धरलेलं बायकोचं हसू बायकोचं नव्हतंच. ते त्याने कधी पाहिलंच नव्हतं, आणि आता पाहायला मिळणारही नव्हतं. एका झटक्यात दोघीही गेल्यासारखं त्याला झालं.

चूक झाली, दे इकडे, दुसरी करतो, असं तो म्हणाला. तिने दिली नाही. त्याने स्वयंपाकघरातून सफरचंद आणलं, पातळ फोडी केल्या, बशी पुढे सरकवली. निदान आता खा तरी. तिने कवळी काढली, पुसली, पाण्याच्या भांड्यात ठेवली आणि बशी परत त्याच्याकडे सरकवली.

"खाल्लं तर झिजतील," ती म्हणाली.

मग जेवायला वेगळी, साधी करतो, असं त्याने किती परीने सांगून पाहिलं. हातापाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं. पण दुसऱ्या मापासाठी तिने तोंड उघडलं नाही ते नाहीच. या तोंडात आता दुसरं काही नको, एवढंच तिचं म्हणणं.

आता रोज संध्याकाळी, भिंगरी कामावरून परतायची त्या सुमाराला, ती कपाटापुढे उभी राहते. एका हाताने कपाटाला धरावं लागतं, इतकी ती वाळली आहे. दुसऱ्या हाताने कवळी बसवते. मग मान मागे टाकते आणि हसते. तोंडावर हात नसतो. आवाज तोच, जिन्यात वरून आला होता तो. कवळीवाला दारात उभा असतो. पहिल्या दिवशी तो पुढे सरकला होता, तेव्हा ती म्हणाली होती, तिथूनच बघा, मध्ये येऊ नका.

तो तिथूनच बघतो. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तेवढंच. मग ती कवळी काढते, आणि गाल पुन्हा आत जातात.

"गेली," ती म्हणते.

तो भांड्यातलं पाणी बदलतो आणि तिच्यासाठी चहा टाकायला आत जातो.