अस्वलाची लागण

हॉकीच्या कुमेता मास्तरांच्या नाकावर फावड्याचा दांडा बसला, तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात सात वाजून दहा मिनिटं झाली होती आणि फाटकावरच्या तोकुजीच्या मनगटावर सात वाजून आठ. त्या सकाळी जे काही रक्त सांडलं, ते सगळं या दोन मिनिटांपायी.

शिरानुमाच्या बर्फाच्या रिंकवरच्या त्या घड्याळाला वीस वर्षांपूर्वी हॉकीची चकती लागली होती. तेव्हापासून ते दोन मिनिटं पुढे पळत होतं. मुलींचा सराव संपला की हॉकीवाल्यांचा वेळ सुरू होई, त्यामुळे हॉकीवाले भिंतीवरच्या घड्याळाचे भक्त आणि स्केटिंगवाल्या तोकुजीच्या मनगटाच्या. मधल्या दोन मिनिटांत दर हिवाळ्यात सरासरी तीन दात पडत. तोकुजी ते वेचून चहाच्या रिकाम्या डब्यात टाकी. "मालक आला तर परत द्यायचे," असं तो म्हणे. मालक कुणी येत नसे. डबा अर्ध्यावर आला होता.

"फावडं मारलंस? मला?" कुमेता मास्तर नाक धरून ओरडले.

"मारलं नाही. तुम्ही नाक पुढे आणलंत. दोन मिनिटं आहेत अजून, मास्तर."

"घड्याळ बघ, म्हाताऱ्या!"

"बघतोय. लाल जाकीट बर्फावर आहे आणि गाणं चालू आहे. संपू दे."

"तुझी नात आहे म्हणून चाललंय हे!"

"लाल जाकीट घालून बादली उभी असती, तरी थांबवलं असतं तुम्हाला."

ते खरंच होतं. सरावात जिचं गाणं लागेल तिने लाल जाकीट चढवायचं, बाकीच्यांनी तिची वाट मोकळी करायची. आज तर नेहमीचा सराव नव्हताच. उद्या जिल्ह्याची स्पर्धा होती आणि आजचा बर्फ यादीतल्या बारा मुलींचा होता. एक जुलैला किती वर्षं पूर्ण झाली, कितवी परीक्षा पास, फोटोतला चेहरा तोच का, एवढं सगळं जुळल्याशिवाय तोकुजी फाटकाची कडी काढत नसे. एकदा त्याने खुद्द नगराध्यक्षांच्या भाचीला एका दिवसाच्या फरकासाठी परत पाठवलं. नगराध्यक्षांनी कानफटात दिली. तोकुजीने दुसरा कान पुढे करून सांगितलं, "हा पण घ्या, पण मुलगी पुढल्या वर्षी आणा."

आता लाल जाकीट नाझुनाच्या अंगावर होतं. तोकुजीची नात, वय तेरा. ती उद्या पहिल्या चारांत आली तर थेट प्रांताच्या स्पर्धेत जाणार होती. स्केटिंग तिला तोकुजीनेच शिकवलं होतं. पण कसं? कठड्याच्या बाहेर उभं राहून, फावड्याच्या दांड्याने हवेत आकडे काढत आणि घसा फोडत. रबरी बुटांची टोकं उंबऱ्याला टेकलेली, त्याच्या पलीकडे एक बोट नाही. बर्फावर माणूस असताना तोकुजीने एक्केचाळीस वर्षांत बर्फावर पाऊल ठेवलं नव्हतं. पात्यांनी पडलेले खड्डे बुजवायचे असले की तो शिट्टी फुंकून सगळ्या पोरांना बाहेर काढी, एकटा आत जाई, बर्फाचा भुगा ठासून वर पाणी ओती, बाहेर येई, मगच पुन्हा फाटक उघडी. लोक म्हणत, म्हातारा चक्रम आहे.

नाझुना सहा वर्षांची असताना तिने विचारलं होतं, "आजोबा, तुम्ही आमच्याबरोबर का नाही येत?"

"मला लागण झालीय."

"कसली?"

"अस्वलाची."

पोरगी चार दिवस त्याच्या पाठीवर केस उगवलेत का ते बघत होती.

त्यात खोटं काही नव्हतं. बाविसाव्या वर्षी तोकुजी बर्फावर असा उडायचा, की म्हणे खाली येईपर्यंत बघणाऱ्यांची एक विडी ओढून व्हायची. देशाच्या स्पर्धेसाठी त्याचं नाव गेलं होतं. त्याच हिवाळ्यात बंदरातल्या मासळीच्या दुकानाचं उद्घाटन निघालं. मालकाने बाहेर पाणी ओतून बर्फाचं अंगण केलं आणि तोकुजीला अस्वलाचं कातडं चढवून त्यावर नाचवलं. मोबदला म्हणून खारवलेल्या रावसाची दोन खोकी आणि एक पाकीट. संध्याकाळी स्केटिंग संघटनेचे कुरोसाकी आले. म्हणाले, पैसे घेऊन नाचलास, हौशी खेळाडू राहिला नाहीस, तू आता अपात्र. तोकुजीने अस्वलाच्याच पंजाने त्यांच्या जबड्यावर एक ठेवून दिली. कुरोसाकी बर्फावर आडवे झाले. उठून बसले, तोंडातून दोन दात आणि पुष्कळ रक्त काढलं आणि म्हणाले, "जन्मभर अपात्र! आणि तुझ्याबरोबर जो बर्फावर उतरेल, तोही अपात्र!"

त्या काळी असा नियम होताच. बाद माणसाबरोबर उतरणारा बाद, त्याच्याबरोबर उतरणारा तोही बाद. देवीच्या साथीसारखं. तोकुजीने तो नियम मनाशी घट्ट बांधला आणि फाटकावर नोकरी धरली.

त्याची मुलगी सेत्सु नऊ वर्षांची असताना रिंकच्या मधोमध पडली. मनगटाचं हाड कातडीबाहेर आलं. तोकुजी फाटकाला दोन्ही हातांनी धरून उभा राहिला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "कुणीतरी आणा रे तिला! आणा रे!" पोरांनी तिला पोत्यासारखी ओढत आणली. फाटकाच्या लाकडात त्याच्या नखांच्या खुणा अजून आहेत. सेत्सुने पुन्हा पायात स्केट घातले नाहीत. बापाशी ती नीट बोलायची, पण लग्नाला आलेल्या पाहुण्याशी बोलतात तसं.

आणि आता सात वाजून आठ मिनिटं झाली होती.

कुमेता मास्तरांनी नाकातलं रक्त बाहीला पुसलं, तोकुजीची गळपट्टी पकडली आणि मागे वळून गरजले, "मागच्या फाटकातून शिरा रे!"

अठरा पोरं, खांद्यांना ढाली, डोक्याला शिरस्त्राणं. दरड कोसळावी तशी बर्फावर आली. अकरा मुली किंचाळत कठड्याला चिकटल्या. नाझुनाची पाठ त्यांच्याकडे होती. गाणं मोठ्याने चाललं होतं आणि लाल जाकिटाला वाट मोकळी मिळते, यावर तिचा विश्वास होता. ती उडाली. सगळ्यात दांडगा पोरगा उलटा सरकत नेमका तिच्याखाली आला. दोघं आदळले तो आवाज बर्फाच्या पोटातून तोकुजीच्या बुटांत शिरला. पोराचं पातं तिच्या मांडीत खोलवर फिरलं.

रक्त उडालं ते हातभर. पांढऱ्यावर इतकं लाल, की क्षणभर वाटावं, जाकीटच वितळतंय.

"आजोबा!" तिने हाक मारली. दुसऱ्या कुणालाही नाही.

तोकुजीचे हात फाटकाला होते, त्याच जुन्या खुणांवर. यादीतल्या बाकीच्या अकराही मुली आत होत्या. त्याने पाऊल टाकलं, की बाराच्या बारा बाद. हिचं उद्याचंही गेलं, त्यांचंही गेलं. हे सगळं त्याने मनात म्हटलं, पण ते म्हणून होईपर्यंत तो अर्ध्या रिंकवर पोचला होता. कुमेता मास्तर त्याच्या गळपट्टीला लोंबकळतच आले. वाटेत एक हॉकीवाला आडवा आला, तो कठड्यावरून पलीकडे पडला. कसा पडला, ते त्यालाही सांगता येत नाही.

तोकुजीने नाझुनाच्या अंगातलं जाकीट ओरबाडलं, मांडीच्या वरच्या बाजूला दोन वेढे दिले, काखेतल्या फावड्याचा दांडा गुडघ्यावर मोडला आणि त्याच्या तुकड्याने पीळ घातला. ती गुरासारखी ओरडली.

"ओरड. अजून ओरड. मास्तर, पाय वर धरा!"

कुमेता मास्तरांनी धरला. त्यांचं नाक तिच्या गुडघ्यावर ठिबकत होतं. "मी... तोकुजी, मला वाटलं—"

"घड्याळ नंतर बघू. धरा."

कठड्याजवळ एका मुलीच्या आईने थर्मासने हॉकीवाल्यांना झोडपायला सुरुवात केली होती. गरम चहा, शिव्या आणि ठोसे यांचा एकच चिखल झाला. ज्याच्या पात्याने कापलं तो दांडगा पोरगा मात्र कोपऱ्यात गुडघ्यांवर बसून ओकत होता. त्याला कुणी मारलं नाही.

सेत्सु वरच्या बाकांवरून धावत आली. तिने आधी मुलीकडे पाहिलं. मग बापाच्या बुटांकडे, आणि बुटांखालच्या बर्फाकडे.

"बाबा," ती म्हणाली. "तुम्ही आत आहात."

"हो. आता सगळ्या बाद झाल्या."

तिला काही कळलं नसावं. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी एकालाच बरोबर येऊ दिलं. ती गेली.

तोकुजी तसाच, कोपरापर्यंत लाल, माडीवर स्पर्धेच्या नोंदणीच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला. तिथे शिगेमात्सु बाई संगणकासमोर बसल्या होत्या, आणि शेजारी ओकुमुरा नावाचे नव्वदीला टेकलेले जुने परीक्षक चहा फुंकत होते.

"लिहा. तोकुजी इवाबुचि, अपात्र. आज सराव चालू असताना बर्फावर उतरला. मुलींचा काही दोष नाही. त्यांना सोडता येत असेल तर बघा. नाहीतर..." 

"काका, आधी बसा तुम्ही."

"लिहा म्हणतो ना!"

बाईंनी घाबरून बोटं चालवली. बराच वेळ चालवली. "अपात्रांच्या यादीत तुमचं नाव नाही."

"जुन्या वहीत बघा. एक्केचाळीस वर्षं झाली."

"जुनीही इथंच आहे सगळी. नाही."

"कुरोसाकींनी केलंय मला बाद. तोंडाने सांगितलंय."

चहाची फुंकर थांबली. "कुरोसाकी?" ओकुमुरा म्हणाले. "जबडा मोडला होता तो? तो तर सगळ्यांना सांगायचा, न्हाणीघराच्या जिन्यावरून पडलो."

"मी मारलं होतं. पंजाने."

"पंजाने?"

"अस्वलाचं कातडं घातलं होतं मी."

ओकुमुरा हसायला लागले. हसता हसता ठसका लागला, चहा सांडला, डोळ्यांत पाणी आलं. "अरे, मग तो कशाला लिहील? तुला बाद करायचं तर कागदावर सगळी हकीकत द्यावी लागते. भर बाजारात अस्वलाने मला ठोसा दिला, असं कोण सही करून देईल?"

शिगेमात्सु बाई हळूच म्हणाल्या, "आणि काका, तो नियम स्पर्धेत बरोबर उतरण्याचा होता. नुसतं बर्फावर पाऊल ठेवण्याचा नव्हता. तोही केव्हाच काढून टाकला. तुम्ही कधी विचारलं कसं नाही?"

तोकुजीने दाराकडे पाहिलं. "विचारलं असतं, तर लिहिलं गेलं असतं," तो म्हणाला. "सेत्सु लहान होती. तिलाही चिकटलं असतं."

ओकुमुरांचं हसू आटलं. तोकुजीची मूठ वळली होती आणि पांढरी पडली होती. आयुष्यात तिला असा पत्ता न सापडण्याची वेळ आली नव्हती. कुरोसाकी मरून एकोणीस वर्षं झाली होती. मूठ थोडा वेळ हवेत राहिली. मग त्याने ती उघडली, आणि ओकुमुरांचा सांडलेला चहा बाहीने पुसून घेतला. टेबलावर लाल पट्टा उमटला, म्हणून तोही पुसला.

खाली आला तेव्हा सेत्सुचा फोन आला. "चौदा टाके. शुद्धीवर आहे. विचारतेय, तिचं गाणं पुरं वाजलं का?"

"पुरं वाजलं. कुणी बंदच नाही केलं."

 मग, "बाबा, जेवून घ्या," असं ऐकू आलं, आणि फोन ठेवला गेला.

कुमेता मास्तर नाकात कापूस कोंबून फाटकापाशी उभे होते. "आमचा वेळ मुलींना दे आज," ते म्हणाले आणि हिशोब न करता निघून गेले. त्यांनी खुर्चीवर चढून भिंतीवरचं घड्याळ मागे केलं असावं. ते आता मनगटाशी जुळत होतं.

तोकुजीने मोडक्या फावड्याने लाल बर्फ खरवडला, गुलाबी भुगा बादलीत भरला. खाली ओंजळभर खड्डा पडला होता. तो बुजवायला आत जाण्याआधी त्याने सवयीने शिट्टी ओठांत धरली. अकरा मुली सवयीनेच फाटकाबाहेर रांग लावून उभ्या होत्या. त्याने शिट्टी ओठांतून काढून खिशात टाकली.

"या," तो म्हणाला. "काही होत नाही."

त्या एकमेकींकडे बघत, आधी एक, मग तीन, मग सगळ्या आत आल्या. तोकुजी गुडघ्यांवर बसून भुगा ठासत होता आणि पाती त्याच्या दोन्ही बाजूंनी खस् खस् जात होती. कानाला वारा लागत होता. गाणं बदललं. इरोहा नावाची नऊ वर्षांची चिमुरडी त्याच्यासमोर येऊन थांबली, कमरेवर हात ठेवून.

"आजोबा, हला ना. मी लाल आहे."

"जाकीट कुठाय तुझं?"

"दवाखान्यात गेलंय. पण लाल मीच आहे. वाट माझी आहे."

तोकुजी उठला. पाय सवयीने फाटकाकडे वळले होते. ते त्याने थांबवले, आणि बादली उचलून बर्फावरच तीन पावलं डावीकडे सरकला.