पिराजीचा अर्ज

हुपरीच्या पिराजीनं एकदा मनात घेतलं की घेतलं. चाळीस वर्षं चांदीचे पैंजण घडवले, पण गिऱ्हाइकानं नक्षी बदला म्हटलं, तर हा ऑर्डर परत करणार आणि नक्षी तीच ठेवणार, असला हट्टी! आता हाडाच्या कॅन्सरनं कॉटवर पाडलं, तर त्यानं मरणासाठीसुद्धा अर्ज लिहून काढला. थेट खासदारांना. 'ज्याला सोसवत नाही त्यानं मागितलं, तर डॉक्टरनं शेवटचं इंजेक्शन द्यावं, असा कायदा करा.' अक्षर मात्र सुरेख.

पहिली सही त्याला डॉक्टरची हवी होती. शाहूपुरीतल्या डॉक्टर प्राची घरी तपासायला आल्या, तसा त्यानं कागद पुढं केला.

"काका, यावर मी सही करणार नाही."

"का? तुमच्या बापाचं काय जातंय?" दुखण्यानं त्याची जीभ तिखट झाली होती.

"तुमचं दुखणं घालवायचं माझं काम. तुम्हाला घालवायचं नाही. एवढं दुखतंय, ते लपवलंत कशाला? आजपासून मॉर्फिनच्या गोळ्या चालू करू. आठ दिवस द्या मला."

लपवलं होतंच की! बायको घाबरेल म्हणून हा बाबा दात आवळून पडून राहायचा.

सहाव्या दिवशी पिराजी उशीला टेकून बसला आणि ताटलीभर आमटीभात जेवला. चिमणाबाईला वाटलं, सुटलं बाई नवऱ्याचं खूळ. कसलं सुटतंय!

"आवं, आता दुखणं कमी हाय न्हवं? मग फाडा की त्यो कागद."

"दुखणं कमी झालं, पर मला संडासला न्हेऊन न्हेऊन तुझी कंबर गेली, त्येचं काय? मी माझ्यापुरतं मागतोय. दुसऱ्या कुणाला काय तरास?"

"मी कधी कुरकुर केलीया व्हय?" चिमणाबाई फणकारली आणि डोळ्याला पदर लावून आत गेली. पिराजीला वाईट वाटलं, तरी कागद उशीखालीच राहिला.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या बयाबाईनं बोलावणं धाडलं. ही पंच्याऐंशीची, पाय गेल्यामुळं दोन वर्षं अंथरुणात. पिराजीनं कागद खिशात घातला आणि चिमणाबाईनं त्याला चाकाच्या खुर्चीतून तिकडं नेलं.

"पिराजी, तुझ्या अर्जाचं कळलं. त्यात माझंबी नाव घाल. अंगठा देते."

पिराजीला हसू आलं. "आक्का, तुला कशाला मरायचंय?"

"मला कुठं मरायचंय! मला नातीचं, वर्षाराणीचं, लगीन बघायचंय दिवाळीनंतर. पर माझं करून करून सुनेचं हात मोडल्यात. तुझ्यागत शाणा माणूस घरच्यांच्या कळवळ्यानं जातो म्हंतोय. मग मी नुसती लोळत पडले, तर लोक काय म्हंतील? आजपातूर कुणी इचारलं न्हाय. कायदा आला की इचारतीलच, म्हातारे, तू का अजून?"

माझ्यापुरतं, माझ्यापुरतं, असं पिराजी छाती ठोकून सांगत आला होता. आणि इथं जगायची हौस असलेली म्हातारी निव्वळ लाजेनं अंगठा पुढं करून बसली होती!

दारात उभी असलेली सून क्रांती रडायलाच लागली. "आत्ती, मी कधी एका शब्दानं बोलले काय तुमास्नी?"

पिराजीनं मागं वळून बघितलं. चिमणाबाईच्या डोळ्यांतही अगदी तोच प्रश्न होता. काल तिनं हेच विचारलं होतं आणि या शहाण्याला ते कळलं नव्हतं. त्याला स्वतःची मनापासून शरम वाटली. त्यानं खिशातला अर्ज काढला आणि टराटरा फाडला.

"आक्का, अर्ज रद्द."

"आँ? आन् पुन्हा दुखाय लागलं तर?"

"डॉक्टरीणबाईला फोन लावायचा."

"आन् संडासला?"

"ही हाय की चिमणी. लाज वाटंल ती मी गिळंन."

"गिळा, गिळा," चिमणाबाई रडता रडता हसली. "लई महाग हाय काय तुमची लाज?"

"आन् वर्षाराणीचं पैंजण कोण करणार?" पिराजी म्हणाला. "उद्यापास्नं बसतो. रोज जमंल तेवढं. ते हुईस्तोवर मला सवड न्हाय, आन् तुलाबी न्हाय."

बयाबाईनं अंगठा पदराखाली घेतला. जरा विचार केला.

"मग घुंगरं ज्यादा घाल," ती म्हणाली. "मला कमी ऐकाय येतंय."