'ए. सा.' पुढची जागा

नोल्फाबाईंना पुरून आल्यावर थोड्या दिवसांनी त्यांचे पती एदुलियो संगणकापुढे बसले, आणि माझ्यात काय हरवले आहे ते त्या दिवशी कळले.

मित्रांनो, मी एका पुस्तकाची संक्षेपसूची, म्हणजे त्यातल्या खुणांचे अर्थ सांगणारी यादी आहे. पुस्तक चिलोए बेटावरच्या बटाट्यांचे. नोल्फाबाई गावोगावच्या बायकांकडून बटाट्यांची नावे जमवत, प्रत्येक जात शिजवून चाखत आणि नावापुढे लहानशी खूण करत. 'रा.' म्हणजे राखेत भाजावा. 'कि.' म्हणजे किसून मिल्काओच्या भाकऱ्या थापाव्यात. पाने जुळवायचे काम एदुलियोंचे. त्यांनी कळ दाबली की संगणक सगळे पुस्तक चाळतो, वापरलेल्या खुणा वेचतो, अक्षरांच्या क्रमाने लावतो, आणि मी पानावर उतरते. पुढच्या वेळी पुन्हा नव्याने. मधल्या काळात मी कुठे असते, मला ठाऊक नाही. खाडीवर धुके उतरते तेव्हा पलीकडची घरे जिथे असतात, तिथेच असेन.

त्या दिवशी उतरले तेव्हा एका ओळीत 'ए. सा.' होते आणि पुढे दोन प्रश्नचिन्हे. अर्थ भरायचा राहिला की संगणक अशी चिन्हे घालतो. ही खूण तीन बटाट्यांपुढे होती. "ते मी शेवटी भरते रे म्हाताऱ्या," असे नोल्फाबाई म्हणाल्या होत्या.

शेजारीण एर्सिरा गरम मिल्काओ घेऊन आली. एदुलियोंनी तिला ओळ दाखवली.

"'एप्रिलात साठवावा' असेल का गं?"

"एप्रिलात तर सगळेच साठवतात. ते 'एदुलियोला सालीसकट' आहे, मेल्या! जन्मात कधी बटाटा सोललास का तू?"

एदुलियो हसले. मग चुलीकडे तोंड करून मिल्काओ खाऊ लागले.

छापखान्याच्या बाईंचा फोन आला. "एदुलियोकाका, ती खूणच काढून टाका ना. ओळ आपोआप जाईल."

खरे होते. पुस्तकात जी खूण नाही, ती माझ्यातही उरत नाही. एदुलियोंनी पहिल्या बटाट्यापुढची खूण पुसली. दुसरीही पुसली. मी उतरले तेव्हा ओळ होती, एकाच बटाट्याच्या आधाराने. तिसऱ्यापाशी त्यांचा हात थांबला.

"तिनं हे चाखून लिहिलंय," ते स्वतःशीच म्हणाले. "मी न चाखता कसं पुसू?"

पुसलेल्या खुणा त्यांनी परत घातल्या. त्या तीन जातींचे बियाणे बायकांकडून मागून आणले आणि घरामागे लावले. छापखान्याला थांबायला सांगितले.

मित्रांनो, खूण करायला फार सोपी असते. करताच तिच्याशेजारी पूर्ण शब्द लिहून ठेवा. ज्याला विचारायचे, ते माणूस उद्या घरात असेलच असे नाही.

वाफ्यांवर आता जांभळी फुले आली आहेत. बटाटे काढायचे राहिले आहेत, चाखायचे राहिले आहेत. 'ए. सा.'चा अर्थ लिहायचा राहिला आहे.