बीटाचं सूप

दिलीपरावांचा अंगठा सवयीने रिमोटवर गेला. पडद्यावर निहार स्वयंपाक्याचा उंच पांढरा टोप घालून बशा मांडत होता. आता दारातून तो जाडा चोर येणार आणि चुकून त्याच्यावर गोळी झाडणार.

"चालू राहू द्या आज," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "आता कसलं अशुभ?"

निहारला, त्यांच्या मुलाला, जाऊन आज वर्ष झालं होतं. हायवेवर बर्फात गाडी घसरली होती.

रशियात मेडिकलला असताना निहारने मित्रांच्या या सिनेमात काम केलं होतं. सिनेमा कसला, पोरखेळ. चार चोर बँक समजून खानावळ फोडतात, आणि उजेड इतका कमी की चोर कुठला आणि पावाचं पोतं कुठलं तेही कळू नये. तो कुठे लागला नाही, कुणी पाहिला नाही. निहारने मात्र कौतुकाने कॅनडात हॅमिल्टनला आईवडिलांना पाठवला.

प्रमोदिनीबाईंनी इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आयुष्यभर लोकांचं रक्त तपासलं. पण जित्याजागत्या पोराला खोटं खोटंही मरताना बघायचं नाही म्हणजे नाही. गोळीच्या आधीच त्यांनी सिनेमा बंद करायला लावला. आठवड्याने निहारचाच फोन आला.

"आई, डिड यू वॉच इट? टिल द एंड?"

"बघितला की. छान आहे."

"अँड?"

"अँड काय? जेवलास का तू?"

"नथिंग, आई. येस, जेवलो."

तो गेल्यावर दोघं तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लावत आणि गोळीच्या आधी थांबत.

आज गोळी सुटली. निहार सुपाच्या पातेल्यात तोंडावर आपटला. प्रमोदिनीबाईंनी नवऱ्याचं मनगट घट्ट धरलं, पण डोळे मिटले नाहीत. चोर पळाले, पोलीस एकमेकांवर पडले, रशियन नावं सरकू लागली. दिलीपराव चहा टाकायला उठले.

नावं संपली आणि पुन्हा तेच स्वयंपाकघर आलं. निहारने पातेल्यातून डोकं वर काढलं, बाहीने लाल तोंड पुसलं आणि कॅमेऱ्याजवळ आला. घरात मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर देणारा तो मुलगा चक्क मराठीत बोलला, मोडक्यातोडक्या.

"आई, मी मेला नाही. बीटाचं सूप आहे. रडू नको. बघितलं की मला फोन कर."

मागे कुणीतरी खो खो हसलं. सिनेमा संपला.

"आठवडाभर वाट बघितली हो त्याने," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "आणि मी विचारलं, जेवलास का."

"तुला काय माहीत होतं, प्रमोदिनी?" दिलीपराव म्हणाले. ते खरं होतं, पण त्याचा आता काही उपयोग नव्हता.

प्रमोदिनीबाईंनी फोन उचलला. निहारचं नाव अजून त्यात होतं. नंबर मार्चमध्येच बंद झाला होता. दिलीपरावांनी स्वतः कंपनीला कळवलं होतं, त्यांच्यासमोरच.

तरीही त्यांनी नंबर लावला. हा नंबर आता वापरात नाही, असं पलीकडून एक बाई इंग्रजीत सांगू लागली. दिलीपरावांनी फोन घ्यायला हात पुढे केला. प्रमोदिनीबाईंनी तो हात बाजूला सारला, आणि ती बाई सांगत होती ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.