मी चालूच राहिलो

मी मागच्या खोलीतला संगणक बोलतोय. माझे मालक म्हणजे या घरातले आजोबा. जन्मभर नकाशे काढून निवृत्त झालेले. वीज वाया गेलेली त्यांना अजिबात खपत नसे. चहाला उठायचं झालं तरी मला बंद करूनच उठत.

दुपारी ते माझ्यासमोर बसून परगावच्या नातीसाठी गोष्टी वाचत. ती सुट्टीत आली की ऐकवायला त्यांचा आवाज मी साठवून ठेवी.

एका दुपारी गोष्ट संपवून ते उठायला गेले आणि खुर्चीतच कलंडले. शेजारी धावून आले, त्यांना दवाखान्यात नेलं. आजोबा परत आले नाहीत. मला बंद करायचं राहून गेलं.

त्यानंतर आजीने मला कुणाला हात लावू दिला नाही. काम काही नाही, नुसता चालू. पंख्यात धूळ साचली, अंग तापू लागलं. आजी येता-जाता माझ्या पाठीला हात लावून बघे, आजारी मुलाचा ताप बघावा तशी. वीज गेली की बॅटरीवर मी थोडा वेळ तग धरी. तेवढा वेळ ती स्टूल ओढून माझ्यापाशी बसून राही. घर सोडून ती कुठे जाईनाशी झाली. नात फोनवर बोलावून थकली.

शेवटी नातीची आई, म्हणजे आजीची लेकच आली. खोलीत पाऊल टाकताच म्हणाली, "आई, हे कुणासाठी चालू ठेवलंयस? बाबांना चाललं असतं का?"

तिचा हात बटणाकडे गेला. आजीने तो धरला.

"नको. बंद केलं तर परत उघडणार नाही. पासवर्ड त्यांनाच ठाऊक होता. मी कधी विचारलाच नाही."

"एवढ्यासाठी तू माझ्याकडे आली नाहीस?"

"आवाज आहे गं त्यांचा त्यात."

लेक आजोबांच्या खुर्चीत बसली आणि एकेक गोष्ट आपल्या फोनमध्ये उतरवत गेली. मग तिने फोन आजीच्या हातात दिला. आजोबा वाघाची डरकाळी काढत होते. मध्येच त्यांना खोकला आला आणि त्यांचं त्यांनाच हसू फुटलं. आजीने पदर डोळ्यांना लावला, पण फोन खाली ठेवला नाही.

"आता तूच बंद कर," लेक म्हणाली.

आजीने माझ्यावरची धूळ पुसली. मग बटण दाबलं.

माझा पंखा थांबला, तशी खोली एकदम शांत झाली. दुसऱ्या दिवशी आजी लेकीबरोबर नातीकडे गेली.

आता घराला कुलूप आहे. मी गार पडलोय आणि मला बरं वाटतंय. कुणाच्या घरी माझ्यासारखा एखादा विनाकारण चालू दिसला, तर जरूर बंद करा. फक्त त्याआधी घरातल्या माणसाला एकदा विचारा.